ओजस झोपला?

दुपारी एक वाजून चार मिनिटांनी पाळण्याच्या कडेचा हिरवा दिवा पिवळा झाला आणि केतकीच्या हातातला घास ताटात पडला.

"आई, लाइन गेली!"

"परत?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "रविवारीच तर गेल्ली."

पाळण्याकडे धावता धावता केतकीला हात धुवायचे आठवले. ती बेसिनकडे वळली. साबण लावला. वीसपर्यंत मोजायचं असतं, तिने अकरापर्यंतच मोजलं. ओजस जागा होता. तांदळाच्या कणीएवढी नखं असलेली मूठ गालाशी धरून छताकडे बघत होता. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. वय सदुसष्ट दिवस, त्यातले पहिले सत्तेचाळीस हॉस्पिटलच्या काचेपलीकडचे.

पिवळा दिवा म्हणजे दहा मिनिटांची मुदत. पाळण्याकडे तेवढ्यापुरतं स्वतःचं शहाणपण साठवलेलं असे. त्यानंतर सगळं आईच्या डोळ्यांवर.

अकराव्या मिनिटाला दिवा लाल झाला. केतकी पाळण्यावर वाकली. दुपट्याखालची छाती वर, खाली. वर, खाली. वर, खाली. आणि मग तिथेच.

एक. दोन. तीन. केतकीने स्वतःचाही श्वास रोखला होता. सात. आठ. तिने दोन बोटं त्याच्या पाठीखाली सरकवली आणि मणक्याच्या कडेने हलकेच चोळलं. नऊ. दहा. ओठांभोवती निळसर कड दिसू लागली. "ओजू, घे ना रे. घे." बारा. ओजसने एक उचकी दिली, तोंड वाकडं केलं आणि छाती पुन्हा वर आली.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. दिवा हिरवा झाला तेव्हा एक अठ्ठावीस झाले होते, आणि लगेच फोन वाजला.

"केतकी, मी सिस्टर फर्नांडिस. चोवीस मिनिटं गेली होती लाइन. बाळ बरं आहे ना? आता मला दिसतोय. हा आठवड्यातला दुसरा खंड. तिसरा झाला की माझ्या हातात काही नाही गं. गाडी आपोआप निघते."

अठ्ठावीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला श्वास घेणं पुरतं पाठ झालेलं नसतं. मध्येच विसरायला होतं. गादीला अगदी बारीक, बेताल थरथर दिली तर ती विसरलेली ओळ मेंदूला आठवते, हे डॉक्टरांना कळलं होतं. मग पुढचा शोध लागला. विसरण्याआधी साधारण चाळीस सेकंद श्वासाच्या लाटेवर एक सुरकुती उमटते, माणसाच्या डोळ्याला न दिसणारी. हजारो बाळांचे श्वास वाचून शिकलेलं यंत्र ती ओळखतं. यंत्र हॉस्पिटलमध्ये, बाळ घरी. पाळणा श्वास पाठवायचा, यंत्र नेमकी तेवढी थरथर परत पाठवायचं आणि विसरणं व्हायच्या आधीच टळायचं. अशी बाळं आता महिना महिना आधी घरी येत होती, आईच्या कुशीच्या उबेत. अट एकच, लाइन अखंड हवी. दहा मिनिटांहून मोठे तीन खंड एका आठवड्यात पडले, की चालक नसलेली ती पांढरी गाडी दारात उभी. मग पुन्हा काच. पुन्हा दिवसातून दोनदा वीस मिनिटं, हातमोजा घालून एक बोट.

सत्तेचाळीस दिवस ते एक बोट केतकीने पुरवून पुरवून वापरलं होतं. आता तिला अठ्ठेचाळिसावा नको होता.

*

संध्याकाळी बाबल गावडे आला. कुडाळात निम्म्या घरांना इंटरनेट बाबलचं.

"वहिनी, चाय मगे. पयली माका पेटी दाखवा."

त्याने इंटरनेटच्या पेटीला लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ नुसता "हूं" म्हणत राहिला. केतकीचा नवरा शार्दूल कचेरीतून तसाच बूट काढून येऊन त्याच्या खांद्यावरून बघत होता.

"लाइन तुटूक नाय," बाबल म्हणाला. "लाइन भरली."

"म्हणजे?"

"तुमच्या घराचो दरवाजो केवढो? तीन फूट. जेवणाक पन्नास माणसा इली तर जातत, येतत. एकदम लाखभर इली तर? दरवाजो मोडूचो नाय, भिंत पडूची नाय. पण घरातल्या माणसाक भायर पडूक वाट रवात? तुमच्या बाळाचो श्वास त्या गर्दीत आतच अडाकलो."

संगणकवाले याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. घर फोडायचं नाही, काही चोरायचं नाही, फक्त दारात इतकी गर्दी करायची की खऱ्या माणसाला वाट मिळू नये. हे बँकांना होतं, सरकारी कचेऱ्यांना होतं. कुडाळातल्या एका पाळण्याला?

"कोणीतरी मुद्दाम करतंय," शार्दूल म्हणाला. "मी पोलिसांत जातो."

"शेजारच्या धोंडूशीच तुझा भांडाण झाला. आंब्याच्या फांदीवरून," सासूबाई म्हणाल्या.

"काकी, आंब्याच्या फांदीसाठी कोण एवढी माणसा धाडता?" बाबल हसला. "ही काय धोंडूची झेप न्हय. थांबा, दुपारच्या गर्दीतली एक चिठी उघडून बगतंय. काय म्हणतत ते तरी कळांदे."

त्याने काहीतरी टाइप केलं, आणि त्याचं हसू तिथेच विझलं.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "बाळाचा नाव काय ठेवलास?"

केतकीने पडद्यावर पाहिलं. डावीकडे गावं होती. नांदेड. सुरत. बेळगाव. भंडारा. मस्कत. वाशीम. परत सुरत. आणि प्रत्येक गावापुढे एकच ओळ, पडदाभर, बाबल बोटाने वर सरकवत गेला तरी न संपणारी.

ओजस झोपला?
ओजस झोपला?
ओजस झोपला?

शार्दूल उठला आणि पाळण्याजवळची खिडकी त्याने आतून कडी घालून बंद केली. खिडकीबाहेर फक्त शेवग्याचं झाड होतं.

"किती जण आहेत?" केतकीने विचारलं.

"आज दुपारी? दोन लाख ब्याण्णव हजार."

"म्हटलंय मी, नजर लागली," सासूबाई पुटपुटल्या. एरवी शार्दूल त्यांना हसला असता. आज हसला नाही. तीन लाख अनोळखी माणसांना त्याच्या मुलाचं नाव माहीत होतं, आणि तो झोपलाय का, एवढंच त्यांना हवं होतं.

केतकीने ओजसला उचलून उराशी धरलं. त्याच्या टाळूला दुधाचा आणि बेबी पावडरचा वास होता. कोण आहात तुम्ही? तो झोपल्यावर काय करणार आहात?

शार्दूलने बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. मैथिली बंगळुरूला असते, यंत्रांच्या आत चालणारी आज्ञावली लिहिणं हेच तिचं काम. "काय रे दादा, भाचा काय म्हणतो?" म्हणत ती हसत आली. बाबलने फोनपुढे लॅपटॉप धरला. ती वाचत राहिली, आणि तिचा चेहरा बघता बघता उतरला.

"वहिनी," ती म्हणाली, "हे वाक्य मी लिहिलंय."

*

बारशाला नाव आत्याने ठेवायचं असतं. बाळाच्या कानात कुर्र करायचं असतं. ओजसच्या बारशाला आत्याच काय, कुणीच येऊ शकलं नव्हतं. चार माणसांचा श्वासही त्याला सोसणारा नव्हता. म्हणून मैथिलीने चिमण्या केल्या होत्या. सावंतवाडीच्या गुणाजी चितारींकडून लाकडाच्या, लाखेच्या रंगाच्या, मुठीत मावतील अशा अकरा चिमण्या करून घेतल्या आणि प्रत्येकीच्या पोटात नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पाटी बसवली. जवळच्या अकरा माणसांकडे एकेक दिली. चिमणीच्या पाठीवर हात ठेवला की ती केतकीच्या घरातल्या एका डबीला विचारायची, ओजस झोपला? डबीला ते पाळणा कळवायचा, आधी काचेमागचा, आता घरचा. जागा असला तर चिमणी किलबिलायची. झोपला असला की पंख मिटायची. नागपूरच्या आजोळी, बंगळुरूच्या आत्याकडे, सगळ्यांना हाताखाली कळायचं, आता जागा आहे, आता निजला.

"बाळाची माहिती कुठल्या कंपनीच्या कपाटात जायला नको, म्हणून सरळ तुमच्याच घराच्या इंटरनेटचा नंबर टाकला मी," मैथिली सांगत होती. "आणि एकदा हात लावला की पाव तास ती दर सेकंदाला विचारते. काहीही उत्तर मिळो, परत विचारते. तो उठला कधी, हे मला लगेच कळायला हवं होतं ना. वहिनी, मी अकरा जणांसाठी लिहिलं होतं गं."

"मग तीन लाख कुठून आले?"

"तेच कळत नाही. अकराच चिमण्या आहेत."

"बारा," सासूबाई खालून म्हणाल्या. त्या जमिनीवर बसून दुपटी घडी करत होत्या. "चितारी पयलो नग कधी गिऱ्हाइकाक देयत नाय. नमुनो म्हणान आपल्याकडे ठेयता. माज्या लग्नातल्या पाटाचो नमुनोय असतलो त्याच्याकडे."

रात्रीच्या जेवणाच्या वेळी दिवा पुन्हा पिवळा झाला. जेवायला थांबलेल्या बाबलसकट चौघंही जेवण सोडून पाळण्याभोवती उभी राहिली. नवव्या मिनिटाला तो हिरवा झाला.

*

सकाळी शार्दूलने रजा टाकली आणि केतकी बाबलच्या गाडीवरून सावंतवाडीला निघाली. ओजस घरी आल्यापासून प्रथमच ती त्याच्यापासून एवढी लांब जात होती. वाटेत बाबलने सगळे उपाय तपासून पाहिले आणि एकेक सोडून दिला. नंबर बदलावा, तर हॉस्पिटलने त्याच नंबरावर परवाना दिलेला. नव्या नंबराची तपासणी व्हायला आठ दिवस, आणि तोवर बाळ हॉस्पिटलात. वरच्या कंपनीने गर्दी आधीच अडवावी, तर तिचं उत्तर आलं होतं, दहा दिवसांत कळवतो.

"माजी वायर मी सांभाळतंय, वहिनी," बाबल म्हणाला. "पण हो वादळ माज्या वायरीपेक्षा मोठो."

चितार आळीत गुणाजींच्या दुकानात लाकडाचा भुसा आणि तापलेल्या लाखेचा वास होता. फळ्यांवर लाकडी पेरू, आंबे, बैलगाड्या. आणि पुढच्या टेबलावर टोपलीभर चिमण्या. पिवळ्या, हिरव्या, तांबड्या. टोपलीवर पुठ्ठा होता: झोपाळू चिमणी.

टोपलीपुढे एक बाई कडेवरच्या मुलाला सावरत चिमणी निवडत होती.

"चालते का हो ही?" केतकीने विचारलं.

"अहो, जादू आहे! आमच्याकडे आहे ना, ही जावेसाठी घेतेय," बाई कौतुकाने सांगू लागली. "दुपारी हात लावायचा, ठेवून द्यायची उशाशी. बाळ झोपेपर्यंत किलबिल करते, बाळ झोपलं की आपोआप पंख मिटते. तिला कळतं बघा! आता तर उलटंच झालंय. तिने पंख मिटले, की हा डोळे मिटतो. आमच्या सोसायटीत सगळी पोरं एकाच वेळेला झोपतात. फक्त चार-पाच दिवस झाले, काय बिघडलंय कोण जाणे, दुपारची मिटतच नाहीये. मग हाही झोपत नाही. रड रड रडतो."

केतकीने टेबलाची कड धरली.

नांदेडला, सुरतेला, मस्कतला तीन लाख आया आपापल्या लेकरांना थोपटत होत्या आणि म्हणत होत्या, बघ, चिमणी झोपली, तूही झोप. चिमणीला त्यांच्या लेकराचं काहीच कळत नव्हतं. ती कुडाळातल्या एका दोन किलोच्या पोराची झोप सांगत होती. तो झोपला की तीन लाख घरं झोपत होती. चार-पाच दिवसांपासून तो दुपारचा जागा राहू लागला होता, आणि तीन लाख आया चिमणीच्या पाठीवर पुन्हा पुन्हा हात ठेवत होत्या. झोपला? झोपला? झोपला?

तिने रात्रभर ज्यांना शाप दिले होते, ती माणसं ही होती.

गुणाजी सत्तरीचे. त्यांनी चष्मा वर करून केतकीला पाहिलं. कोण, कुठली ते कळल्यावर आधी तिला खुर्ची दिली. मग सांगितलं. नमुन्याची चिमणी फळीवर होती. एका व्यापाऱ्याला आवडली. त्याने जत्रांसाठी मागितली, मग राज्याबाहेर धाडली. लाकूड गुणाजी आणि आळीतले बाकीचे करत. पोटातली पाटी व्यापारी बनवून आणी, नमुन्याबरहुकूम.

"पण पाटीत आमच्या घराचा नंबर होता, काका. ओजसचं नाव होतं. ते कुणी बदललं नाही?"

"त्येच्या माणसान इचारल्यान माका," गुणाजी म्हणाले. "सगळ्यात वयली ओळ कसली, म्हणान. मी वाचलंय. एका बाळाचा नाव. माका वाटला, तुमच्या मैथिलीन देवाच्या नावासारखा लिवल्यान आसतला. कागदाच्या माथ्यार आमी श्री लिवतो, तसा. मी सांगलंय, बाबा, बाकी काय ता कर, वयली ओळ पुसू नको. नमुनो म्हणजे नमुनो. श्री कोण पुसता, गो?"

केतकीला रडावं की हसावं कळेना. तिने पाळण्याचं सांगितलं. पिवळा दिवा, लाल दिवा, पांढरी गाडी. गुणाजींच्या हातातला ब्रश खाली ठेवला गेला.

"बाळ बरो आसा मा?"

"आज एक वाजेपर्यंत तरी."

"मी फिरान इतंय," ते उठूनच उभे राहिले. "घराघरान जातंय. सांगतंय, हात लावू नका."

"तीन लाख घरां, काका," बाबल म्हणाला. गुणाजी तसेच उभे राहिले, टोपलीकडे बघत.

*

घरी पोचायला सव्वाबारा झाले. शार्दूल पाळण्याशी बसला होता. ओजस टक्क जागा. हिरवा दिवा. पाऊण तास.

"मैथू," केतकी फोनवर म्हणाली. घराची लाइन नको म्हणून साधा फोनच लावला होता. "त्या चिमण्यांना काहीतरी सांग. आता विचारू नका म्हणून सांग."

"त्यांना नवीन काही शिकवता येत नाही, वहिनी. लाकडात बंद आहेत त्या. त्यांना फक्त ते तीन शब्द कळतात."

"तीन?" केतकी म्हणाली. "जागा. झोपला. तिसरा कुठला?"

शार्दूलने मान वर केली आणि केतकीशी नजर न मिळवता पुन्हा खाली घातली.

"मैथू, तिसरा कुठला?"

"गेला," मैथिली म्हणाली.

केतकीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ते उत्तर आलं, की चिमणी मान खाली घालते, दिवा विझतो. मग पुन्हा कधीच विचारत नाही. वहिनी, मी ते नवव्या दिवशी लिहिलं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजची रात्र काढेल असं वाटत नाही. मी विमानतळावर बसले होते, विमान उशिरा होतं. मला वाटलं, तसं झालंच तर अकरा जणांना फोन कोण करणार? दादा करणार? तू करणार? म्हणून मी चिमणीलाच शिकवून ठेवलं. कुणाला तोंडाने सांगावं लागू नये म्हणून. नंतर काढायचं राहून गेलं. नाही, खोटं बोलते. काढायला उघडायचा धीर झाला नाही."

"नवव्या दिवशी," केतकी शार्दूलकडे बघत म्हणाली, "तू मला म्हणालास, डॉक्टर खूश आहेत."

"केतू..."

"मी त्या दिवशी त्याच्यासाठी टोपडं शिवत बसले होते. आई, तुम्हाला माहीत होतं?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. बंगळुरूच्या विमानतळावर माहीत होतं. एका लाकडी चिमणीलाही माहीत होतं. फक्त आईला माहीत नव्हतं.

भांडायला वेळ नव्हता. बारा चाळीस झाले होते.

"हा शब्द पाठवला, तर आजच थांबेल?" तिने बाबलला विचारलं.

बाबलने डोकं खाजवलं. "जी चिमणी इचारतली, तिका ह्यो जबाब. जबाब गावलो की ती गप, कायमची. इली ती परत येवची नाय. गर्दी सरात. धा मिनिटांच्या आत सरात काय, ह्या मात्र सांगूक येवचा नाय."

"मीच पाठवते इथून," मैथिली म्हणाली. "तू बघूसुद्धा नकोस."

"नाही."

"वहिनी, तू आई आहेस त्याची. तुझ्या हाताने असं..."

"जित्या पोराचा असा लिवतत?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "कायव होवने, ता अक्षार ह्या घरातसून भायर जावचा नाय, केतकी. तीन लाख घरात आपल्या पोराचा अभद्र सांगूचा?"

केतकी त्यांच्यापुढे खाली बसली. "आई, सांगितलं नाही तर तो परत काचेमागे जाईल. रस्त्यात दीड तास. वाटेत विसरला तर?" तिने त्यांचा हात धरला. "त्या नवव्या दिवशी तुम्ही मला खोटं सांगितलंत, मला जगवायला. आज मी जगाला सांगते, त्याला जगवायला. मग तो तुमच्या मांडीवर राहील. घ्या त्याला."

सासूबाईंनी मांडी घातली आणि हात पसरले. पाळण्याची गादी उचलता येई, तिच्या तारेसकट. शार्दूलने गादीसकट ओजसला आईच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्याच्या गालाला तीट लावली आणि पदराने त्याचे कान झाकले. अक्षरांना आवाज नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

बाबलने लॅपटॉप केतकीपुढे सरकवला. शार्दूलने आपल्या माणसांना एकेक फोन करून सांगायला घेतलं होतं, नागपूरला, पुण्याला, चिमणीने मान टाकली तर घाबरू नका, ओजस ठणठणीत आहे.

पडद्यावर डबीचं उत्तर लिहिलं होतं, जागा. ते पुसून तिथे दुसरा शब्द लिहायचा होता. दोन अक्षरं. केतकीने पहिलं लिहिलं, आणि बोटं थांबली. तिला त्या बाईच्या कडेवरचं पोर आठवलं. आज दुपारी त्याची चिमणी मान टाकणार होती. तो विचारील, काय झालं तिला? आई म्हणेल, बिघडली. तिने दुसरं अक्षर लिहिलं आणि बटण दाबलं.

एक वाजला. विचारणाऱ्या चिमण्यांचा आकडा चढू लागला. वीस हजार. साठ हजार. एक लाख दहा. एक वाजून तीन मिनिटांनी दिवा पिवळा झाला.

कुणी श्वास घेत नव्हतं, ओजस सोडून. एक लाख चाळीस. एक लाख साठ. पडद्यावर नांदेड विचारत होतं, सुरत विचारत होतं, आणि प्रत्येकाला केतकीच्या घरातून तेच उत्तर जात होतं. ज्याला मिळालं, ते नाव पुन्हा येत नव्हतं. चौथं मिनिट. सहावं. एक लाख सत्तरला आकडा अडकल्यासारखा झाला. सातवं.

"उतारता," बाबल कुजबुजला.

दीड लाख. एक लाख. आठव्या मिनिटाला साठ हजार. अमरावती गप्प झाली. बेळगाव गप्प झालं. नऊ हजार. सातशे.

एक वाजून बारा मिनिटांनी दिवा हिरवा झाला. सिस्टर फर्नांडिसचा संदेश आला, नऊ मिनिटं, खंड धरला नाही. बाबल चटकन उठला आणि डोळे पुसायला बाहेर अंगणात गेला.

शार्दूल केतकीच्या शेजारी येऊन बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण बाजूलाही सरकली नाही.

फोन अजून चालूच होता. मैथिली किती वेळ बोलली नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मैथू, झालं गं. थांबलं सगळं."

उत्तर नाही.

"मैथू?"

"हो. कळलं." आवाज कुठून तरी खोलातून आला. "मी हात ठेवून बसले होते माझ्या चिमणीवर. मला माहीत होतं काय होणार. मीच लिहिलंय. आत्ता हातात मान खाली घातली तिने आणि दिवा गेला." मग बराच वेळ नुसता श्वास. "वहिनी, त्याला जरा रडवशील?"

"अगं, तो आत्ताच डोळे मिटायला लागलाय."

"वहिनी, प्लीज."

केतकी उठली. सासूबाईंच्या मांडीपाशी बसून तिने दुपट्यातून एक पाऊल बाहेर काढलं, अंगठ्याएवढं, आणि तळव्यावर टिचकी मारली. ओजसने कपाळाला आठी घातली. तिने आणखी एक मारली, जराशी जोरात. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तो त्या एवढ्याशा देहातून बेंबीच्या देठापासून रडू लागला. केतकीने फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"अगो, पोराक मारतंस कित्याक?" सासूबाई ओरडल्या.

"आणखी," मैथिली म्हणाली.